आम्ही अंगावर घेतो

बसा काका. टॅक्सी यायला अजून अवकाश आहे, तोवर सगळं ऐकून घ्या. दिवा कमीच राहू द्या. आतल्या खोलीत हिला उजेड टोचतो, आणि पूर्ण अंधार मला सोसवत नाही.

त्या रविवारी शिंप्याकडे टाकलेले पडदे आणायचे होते, काम एवढंच. दुपारची वेळ, जेवण अंगावर आलेलं. हिला म्हटलं, चल, पडदे घेऊ, चहा पिऊ, परत येऊ. दुकानांच्या त्या इमारतीखाली गाड्या लावायला तळघर आहे, एकाखाली एक दोन मजले. वरचा मजला भरला होता म्हणून अगदी तळाला उतरलो. तिथे चिटपाखरू नव्हतं. एक ट्यूबलाइट फडफडत होती, कुठेतरी पाणी ठिबकत होतं, आणि तापल्या लोखंडावर पाणी मारल्यावर येतो तसा वास कोंडून राहिला होता. पडदे घेऊन आलो, आरशात बघून गाडी मागे घेतली आणि खट् असा बारीकसा आवाज झाला. आरशात काही नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो. उतरून पाहतो तर सायीच्या रंगाची एक जुनी गाडी मागे उभी.

आता माझा धंदा तुम्हाला ठाऊक आहे. विमा कंपनीचा सर्व्हेयर. ठोकलेल्या गाड्या बघायच्या, बोटाने पत्रा वाजवून आत किती पुट्टी भरली आहे ते ओळखायचं आणि लोकांचे अर्ज नाकारून शिव्या खायच्या. अशा माणसाच्या स्वतःच्या गाडीचा विमा आठवड्यापूर्वी संपलेला होता. ही त्यासाठी कानीकपाळी ओरडत होती आणि मी 'उद्या' म्हणत होतो. दुसरं म्हणजे, कंपनीच्या वतीने बोलून बोलून माझ्या तोंडात 'मी' उरलेलाच नाही. आम्ही बघतो, आम्ही कळवतो, आम्ही मंजूर करतो. घरी वांगी नको असली तरी 'आम्हाला नको' म्हणतो. ही त्यावरून मला किती चिडवायची!

त्या गाडीतून एक माणूस उतरला. इस्त्रीचा सदरा, पन्नाशीचं वय. चेहरा आज कितीही आठवला तरी आठवत नाही, फक्त काळी पडलेली नखं डोळ्यांसमोर येतात. त्याच्या गाडीच्या मागच्या दाराला तळहाताएवढा पोचा आला होता आणि पुढच्या दारापर्यंत रंग खरवडला गेला होता. माझ्या गाडीला साधा ओरखडाही नव्हता.

"कसं करायचं?" तो हळूच म्हणाला.

नव्या पोरांना मी पहिला धडा देतो तो हाच, की अपघाताच्या जागी चूक कबूल करायची नाही, तोंड शिवून बसायचं. पण विमाच नाही म्हटल्यावर माझी पाचावर धारण बसली. म्हटलं, इथल्या इथे मिटवावं. "पोलीस नको, कंपनी नको. जे काही नुकसान असेल ते आम्ही अंगावर घेतो."

"आम्ही?"

"हो, आम्ही."

"अंगावर...?"

"अहो, अंगावर म्हणजे अंगावर. एकदा सांगितलं ना?" माझा राग नेहमीच नाकाच्या शेंड्यावर.

तो वाकून आमच्या गाडीच्या खिडकीत बघायला लागला. "ताई, तुमचंही हेच म्हणणं?"

ही पडद्यांचं गाठोडं मांडीवर घेऊन कंटाळून बसलेली. "हो हो, घेतो म्हणालेत ना. निघू या आता."

त्याने मान डोलावली. नाव नाही, नंबर नाही, काही मागितलं नाही. मला वाटलं, सुटलो. वर येऊन आम्ही चहासुद्धा प्यालो.

सोमवारी कचेरीत बसलो होतो आणि डाव्या बरगडीवर ठोका बसला. मागे वळून पाहिलं, कुणी नव्हतं. दुसऱ्या ठोक्याला खुर्चीसकट आडवा झालो. तिसऱ्याला आत काहीतरी मोडल्याचं मला ऐकू आलं. ठोके आतून बाहेर बसत होते, काका, आधी कडेकडेने, मग मधोमध. तोंडात रक्त आलं आणि त्याच वेळी तो ठेका मला ओळखू आला. पोचा काढताना गॅरेजमध्ये पत्रा असाच ठोकतात. पुरुषासारखा पुरुष, पण सगळ्या कचेरीसमोर मी आईच्या नावाने ओरडलो.

तेवढ्यात हिचा फोन आला.

"अहो... माझ्या दंडावर कुणीतरी घासतंय."

"कुणी?"

"कुणी नाहीये इथे... कातडं निघतंय हो. थांबतच नाहीये..."

घासणं म्हणजे पॉलिश पेपर, रंग काढायला. पुढचं मला पाठ होतं. पुट्टी भरायची, परत घासायचं, प्रायमर मारायचा, रंग मारायचा, आणि रंग मारला की गाडी भट्टीत ढकलायची. बंद खोली असते, तिच्यात रंग पक्का होईपर्यंत गाडी भाजतात. हे मी रोजच मंजूर करत आलो होतो. त्या दिवशी भट्टी हा शब्द डोक्यात आला आणि मी टेबल धरून उठलो. मला काय व्हायचं ते होवो, पण ही भाजून मरेल, एवढंच मनात होतं.

"फोन ठेवू नकोस," म्हटलं, "चालूच ठेव." तिचा फोन चालू ठेवून कचेरीच्या फोनवरून एकेका गॅरेजला विचारत सुटलो. सायीच्या रंगाची जुनी गाडी आली आहे का? एका गॅरेजचा मालक म्हणाला, "साहेब, तुमचीच ना? तुमची ओळख सांगून मागच्या शेडमध्ये लावलीय. काम तो माणूस स्वतःच करतोय."

बरगडी दाबत पोचलो. शेडमध्ये तोच वास, तापल्या लोखंडाचा. मागच्या दारावर करडा प्रायमर मारून झाला होता आणि तो माणूस भट्टीचं दार उघडत होता. बॉनेटवर हातोडी पडलेली. माझ्या खिशातल्या फोनमधून हिचं कण्हणं ऐकू येत होतं.

"चूक माझी," मी त्याच्यापुढे हात जोडले. "हिचा काही संबंध नाही. सगळं माझ्या एकट्याच्या अंगावर घाला."

"आम्ही म्हणालात."

"ती बोलायची सवय आहे हो माझी!"

"ताईंनीही हो म्हटलं..." त्याचा आवाज अगदी समजुतीचा होता. "थोडंच राहिलंय. भट्टीतून काढली की मिटलं आपलं."

मिटलं म्हणे! माझं डोकं फिरलं. मी हातोडी उचलली. त्याच्या कपाळावर घालायची, कवटी फुटेपर्यंत घालत राहायचं, हे मी ठरवून केलं, उगीच सोवळेपणा कशाला दाखवू? सगळ्या ताकदीनिशी हात फिरवला. तो फक्त एक पाऊल बाजूला झाला.

हातोडी हेडलाइटवर बसली. काचेचा चुरा झाला. आणि खिशातून ती किंकाळी आली, काका... तुम्ही त्या दिवशी भिंतीपलीकडून ऐकलीत ना, तीच. तुम्ही दार तोडून आत गेलात आणि हिला उचलून दवाखान्यात नेलंत. ही पडली, खिडकीची काच डोळ्यात गेली, असं मी तुम्हाला सांगितलं. खिडकीची काच शाबूत आहे, जाऊन बघा.

त्या माणसाने भट्टीचं दार लावून टाकलं, हात पुसले आणि किल्ली माझ्या हातात दिली. "आता आम्ही काही करत नाही," म्हणाला, "तुम्हीच सांभाळा." आणि चालत निघून गेला. म्हणून ती गाडी खाली उभी आहे. तुम्ही सगळे मला हसता, की हा भंगाराला गोधड्या पांघरतो, पोरांना चेंडू खेळू देत नाही, कावळ्यांवर काठी घेऊन धावतो. हसा. परवा त्या गाडीचा विमा उतरवायला माझ्याच कंपनीत गेलो, तर सगळ्यांना वाटलं मला वेड लागलंय.

लेक परगावी शिकते. आईला बघायला येते म्हणत होती, पण मी येऊ दिलं नाही. म्हटलं, या गाडीच्या आसपास फिरकू नकोस.

आज सकाळी गोधडी काढली तर छताचा पत्रा वर आलेला. आत दडलेल्या कुणी दोन्ही मुठींनी ठोकावा तसा. गाडीला कुलूप होतं. मी तिथेच डोळे मिटून उभा राहिलो, आता डोक्यात ठोके बसतील म्हणून. काही झालं नाही. धावत वर येऊन हिला तपासलं, तिलाही काही नाही. मी तर हसायलाच लागलो, म्हटलं, फिटलं एकदाचं. ही हसली नाही. उरलेल्या डोळ्याने माझ्याकडे बघत म्हणाली, "अहो... त्या दिवशी आम्ही म्हणालात, तेव्हा तुमच्या मनात कोण कोण होतं?"

दिवसभर लेकीला फोन लावतोय. नुसता वाजतो. मघाशी वसतिगृहाच्या फोनवर लावला, तो तिथल्या बाईंनी उचलला. म्हणाल्या, पोरीने खोलीला आतून कडी लावली आहे, हाका मारल्या तरी ओ देत नाही... आणि आत कुणीतरी पत्रा ठोकतंय. सुताराला बोलावलंय म्हणाल्या, दार तोडायला.

मला निघायलाच हवं. ही अंथरुणाला खिळलेली, म्हणून तुम्हाला बोलावलं. मी परत येईपर्यंत गाडीपाशी बसा, कुणाला हात लावू देऊ नका, एवढंच मागणं आहे.

हा बघा, टॅक्सीचा हॉर्न.

काय म्हणालात...? 'जा तू निर्धास्त, आम्ही आहोत'?

काका... तुमची नातवंडं आत्ता कुठे आहेत?