बंद पंख्याखालची जागा

शेजारी कोणी बसू नये म्हणून प्रसीदा बाजूच्या खुर्चीवर पर्स ठेवायची. पाच वर्षं ती युक्ती चालली. तलशेरीच्या त्या जुन्या थिएटरात शुक्रवारच्या सकाळच्या खेळाला बाल्कनीत वीस-पंचवीस माणसं येत. त्यातलं कोणी सी रांगेत, बंद पंख्याखाली, खांबाला खेटून बसायला येईल इतकं खुळं नव्हतं.

मार्चमधल्या एका शुक्रवारी एक जण आला.

"चेची, पर्सचं तिकीट काढलंय का?"

तेहेतिसाव्या वर्षी अनोळखी दाढीवाल्यानं चेची, म्हणजे ताई, म्हटलेलं कुठल्या बाईला आवडतं? तिनं पर्स उचलली. त्याच्याकडे पाहिलं नाही. पण नाक कसं बंद करणार? त्याच्या अंगाला डिझेलचा वास होता, त्यावर साबणाचा, आणि हातातल्या कागदी पुडीतून भाजक्या शेंगदाण्यांचा. अर्धा सिनेमा तो एकेक दाणा खात होता. आवाज न करता, एवढं मात्र मान्य करायला हवं.

मध्यंतराचे दिवे लागले तसा तिनं फोन काढला. दिवे मालवायच्या आत तिला पाच ओळी लिहायच्या असत. 'तरा टिकट' म्हणजे पडद्याला नाक लावून बसायची सगळ्यात पुढची, सगळ्यात स्वस्त जागा. सिनेमाच्या वेडापायी जमलेल्या तीन हजार लोकांच्या ऑनलाइन फोरमचं नावही तेच. दर शुक्रवारी नव्या सिनेमाचा मध्यंतरातला अहवाल तिथे यायचा. गोष्ट फोडायची नाही, फक्त बघावा की बघू नये एवढं सांगायचं. शारजात गाडी बाजूला घेऊन लोक तो वाचत. खाली सही असे, 'कारणवर'. कारणवर म्हणजे घराण्याचा कर्ता पुरुष. त्याच्यासमोर मान वर करायची नसते.

ती शेवटची ओळ लिहीत होती, 'पंखा आजही बंद,' ही तिची ठरलेली ओळ... आणि तिची नजर शेजारच्या फोनवर गेली. त्यावर तिचंच फोरम उघडं होतं. वर राखाडी अक्षरांत नाव, 'टॉर्चवाला'. खाली राखाडी पट्टी – तुम्हाला इथे लिहिता येणार नाही.

तिचं बोट शेवटच्या ओळीवरच थांबलं. ती पट्टी तिनंच लावली होती.

"काय झालं?" त्यानं विचारलं.

"काही नाही... लिहिता येत नाही का तुम्हाला?"

"हाकललं मला. तिथे एक कारणवर आहे." तो पुढे शांतपणे सांगू लागला. रिटायर हेडमास्तर असणार, सकाळी पोट साफ होत नसणार, आणि त्याचा राग तीन हजार माणसांवर निघत असणार.

प्रसीदाला हसू आलं. ते खोकल्यात दडपून तिनं विचारलं, "भेटला तर काय कराल?"

"आधी शेंगदाणे देईन," पुडी तिच्यापुढे धरत तो म्हणाला. "मग भांडेन."

तिनं एक दाणा घेतला. दिवे गेले.

आता हे सांगितलं पाहिजे की बाई असून ती कारणवर का झाली. पूर्वी ती दुसऱ्या एका फोरमवर स्वतःच्या नावानं लिहायची. एका मोठ्या नटाच्या सिनेमाला तिनं फुसका म्हटलं. दोन दिवसांत तिच्या खासगी पेटीत जे येऊन पडलं ते इथे लिहिलं तर हे पान तुम्ही हातात धरणार नाही. महिन्यानं तिनं स्वतःचं फोरम काढलं, नावाला मिशी लावली आणि तेच मत पुन्हा टाकलं. लोक म्हणाले, बरोबर आहे कारणोरे, अनुभवाचा माणूस बोलतोय. सिनेमावर प्रेम करणारी माणसं म्हणे ही! सिनेमातल्या बाईसाठी ढसाढसा रडतील आणि खऱ्या बाईनं तोंड उघडलं की गटार सोडतील.

पुरुष झाल्यावर मान मिळाला. भांडणं सोडवायची, शिव्या पुसायच्या, कोणाला सात दिवस गप्प बसवायचं, सगळा कारभार तिच्या शब्दावर चाले. बाकीचं आयुष्य एका इस्पितळाच्या एक्स-रे खोलीत. "श्वास घ्या. धरा. हलू नका. सोडा." दिवसभरात तिच्या तोंडून एवढंच निघायचं, तेही भिंतीआडून. सुट्टी तिनं शुक्रवारची मागून घेतली होती. रविवार हवा असतो घर असलेल्यांना. तिच्या भाड्याच्या माडीवर एक ताट होतं, एक पेला, आणि खिडकीतून दिसणारा समुद्र. समुद्राशी किती बोलणार?

टॉर्चवाल्याचं प्रकरण फेब्रुवारीतलं. फोरम चालवणाऱ्याला प्रत्येक मजकुरामागचा इंटरनेटचा पत्ता दिसतो. 'कार्बन' नावाचा एक जुना सभासद होता. प्रोजेक्टरच्या खोलीबद्दल, रिळांबद्दल, कार्बनच्या कांड्या जाळून पाडायच्या उजेडाबद्दल असं लिहायचा की वाचणाऱ्याच्या बोटांना चटका बसावा. एका वादात टॉर्चवाल्यानं काही लिहिलं, आणि चार मिनिटांनी कार्बन म्हणाला, हा पोरगा बरोबर बोलतोय. प्रसीदानं पत्ता पाहिला. दोघांचा एकच. एका माणसानं दोन नावं घेऊन स्वतःचीच री ओढायची, फोरमवर याहून मोठं पाप नाही. तिनं विचारलं नाही, थांबली नाही. सगळ्यांसमोर लिहिलं, 'एका तोंडानं दोन आवाज काढणाऱ्या या गृहस्थांना कायमची सुट्टी.' दीडशे जणांनी टाळ्या दिल्या. तिला बरं वाटलं होतं, हेही लपवण्यात अर्थ नाही.

पुढच्या शुक्रवारी तिनं खुर्चीवर पर्स ठेवली नाही. हा लबाड आहे हे तिला ठाऊक होतं. तरीही ठेवली नाही.

त्याचं नाव प्रजीश. मासेमारीच्या होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा. मापिळा, म्हणजे इथल्या मुसलमान, कोळ्यांच्या होड्या शुक्रवारी पाण्यात जात नाहीत, म्हणून त्यालाही शुक्रवार मोकळा. नखांत काळं असायचं आणि शर्ट मात्र कडक इस्त्रीचा. तो तिला चेची म्हणाला की ती उत्तर देत नसे. तिसऱ्या शुक्रवारी त्यानं चेची सोडून दिलं आणि काहीच म्हणेना. ते काहीच न म्हणणं तिला आठवडाभर पुरलं. खेळ सुटला की समोरच्या टपरीवर लिंबू पिळलेला काळा सुलेमानी चहा. एकदा पेला देताना त्याचं बोट तिच्या बोटाला लागलं... दोघांनीही पेला सोडला नाही. चहा निवला.

त्या दिवशी तो अच्छनबद्दल, म्हणजे वडिलांबद्दल, बोलला. कणारन त्यांचं नाव. एका थिएटरात अठ्ठावीस वर्षं प्रोजेक्टर चालवला. नवं मशीन आलं आणि त्यांना घरी पाठवलं. कांड्यांच्या झगमगाटानं डोळे अधू झालेले, म्हणून प्रजीश त्यांना फोरम मोठ्यानं वाचून दाखवायचा आणि ते सांगतील ते टिपून घ्यायचा.

"अच्छन म्हणजेच कार्बन," तो म्हणाला. "मी टॉर्चवाला. एक घर, एक वायफाय. कारणवराला वाटलं, एकच माणूस."

प्रसीदा पेल्याच्या तळाशी बसलेली लिंबाची बी बघत राहिली.

"आता ते काय करतात?"

"अजून वाचायला लावतात. कोणी रिळांबद्दल चुकीचं लिहिलं की ओठ हलतात. मग आठवतं, बोलता येत नाही. गप्प बसतात. दिवस दिवस गप्प असतात."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिनं एक्स-रे खोलीचं दार लावलं आणि फोरमची टपालपेटी उघडली. चारशे न वाचलेली पत्रं. हाकललेल्यांची पत्रं ती वाचतच नसे. सगळे तेच रडगाणं गातात, असं तिचं मत होतं. कार्बनचं नऊ फेब्रुवारीचं पत्र दोन ओळींचं होतं.

'कारणोरे, मी मी आहे. तो माझा मुलगा आहे.'

बाहेर रांगेतल्या कोणीतरी दार वाजवेपर्यंत ती तशीच बसून होती. गप्प केलेल्या माणसाचं घर कसं असतं हे तिच्याइतकं कोणाला माहीत होतं? आणि तिनंच ते केलं होतं. सांगावं, तर प्रजीश उठून जाईल. खुर्चीवर पुन्हा पर्स येईल. आणि कारणवराची मिशी उतरली की फोरमही गेलं. मग उरलं काय? एक ताट, एक पेला.

तिनं भित्र्यांचा रस्ता धरला. कोणाला न कळवता दोन्ही नावांवरची राखाडी पट्टी काढून टाकली. मिटलं, असं स्वतःला सांगितलं.

शुक्रवारी तिनं अगदी सहज विचारलं, तुमच्या कारणवराचं काय झालं. प्रजीश म्हणाला, पट्टी गेली. वडिलांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पण एक अक्षर लिहायला सांगितलं नाही. "म्हणाले, चव्हाट्यावर थोबाडीत मारायची आणि मागच्या दारानं आत घ्यायचं? कणारन मागच्या दारानं जात नाही."

तिनं मान हलवली. त्या दिवशीचा सिनेमा काय होता, हे तिला विचारू नका.

विषूच्या आधीचा शुक्रवार आला. सणाचा मोठा सिनेमा, बाल्कनी निम्मी भरलेली. बाहेर आभाळ भरून आलं होतं आणि पत्र्याखाली भट्टीसारखं तापलं होतं. मध्यंतर झालं. हजारो मैलांवरचे लोक अहवालाची वाट बघत होते. प्रजीश शेजारी पुडी उघडत होता. तिनं लिहिलं,

'आज अहवाल नाही. कार्बन आणि टॉर्चवाला ही दोन माणसं आहेत, बाप आणि मुलगा. मी न विचारता त्यांना चारचौघांत खोटं ठरवलं. कार्बन यांचं पत्र आलं होतं, ते मी उघडलं नाही. चूक माझी आहे आणि तीही चारचौघांतच सांगते. मी कारणवर नाही. माझं नाव प्रसीदा. मी एक्स-रे काढते.'

बटण दाबलं आणि फोन मांडीवर पालथा घातला.

फोन गुरगुरू लागला. थांबेचना. तिनं एकदाच उलटा करून पाहिला. कारणवर बाई? पाच वर्षं आम्ही एका बाईचं ऐकत होतो? फोरम चालवायला मदत करणारा दोहामधला तिचा मदतनीस राजीनामा देऊन मोकळा झाला होता. एका मुलीनं लिहिलं होतं, चेची, मीही इथे मुलाच्या नावानं आहे. मग पुन्हा चिखल.

शेजारी प्रजीश वाचत होता. हळूहळू, पहिल्यापासून शेवटपर्यंत. त्यानं फोन खिशात घातला. आता उठेल, तिला वाटलं. तो उठला नाही.

"पडद्याची शिवण नायिकेच्या गालावरून जाते, असं तुम्ही एकदा लिहिलं होतं," तो म्हणाला. "ती शिवण अच्छननी घातलीय. याच थिएटरात. ती दिसते फक्त सी रांगेतून, खांबापाशी. आणि दर शुक्रवारी तुमचा तो बंद पंखा. ज्या दिवशी आम्हाला हाकललं त्याच दिवशी ते म्हणाले, जा, कारणवर कुठे बसतो ते मला ठाऊक आहे."

इंटरनेटचा पत्ता बघून प्रसीदाला दोन माणसं ओळखता आली नव्हती. आणि डोळ्यांनी अधू म्हातारा एका शिवणीवरून तिच्या खुर्चीपर्यंत आला होता.

"म्हणजे... पहिल्या दिवसापासून?"

"फोन मुद्दाम तुमच्या डोळ्यांसमोर धरला होता."

"मग भांडला का नाहीत?"

"आधी शेंगदाणे दिले ना. भांडायचं राहूनच गेलं." तो पुडीचा कागद गुंडाळत, उलगडत राहिला. "घरी जाऊन सांगितलं, कारणवर म्हातारा नाहीये, बाई आहे. अच्छन म्हणाले, मग भांडू नकोस, थांब. स्वतः सांगते का बघ. आणि... खरं सांगू? तुम्ही सांगत नव्हता तोवर मला दर शुक्रवारी यायला कारण होतं."

"आता नाही का?"

त्यानं उत्तर द्यायच्या आत दिवे गेले. पत्र्यावर पावसाचा पहिला फटका बसला आणि मग सगळं थिएटर ताशासारखं वाजू लागलं. पडद्यावर काय बोलतायत ते कोणालाच ऐकू येईना. तिच्या मांडीवरचा फोन पुन्हा उजळला. चिखलाच्या ढिगावर एक नवी ओळ पडली होती. टायपिंग वाकडंतिकडं होतं, शेजारच्या कोणाकडून तरी करून घेतल्यासारखं.

'कार्बन: मोळे, पंखा मी गेल्यापासून बंद आहे. त्याची तार खांबाच्या मागच्या बाजूनं सुटलीय. प्रजीशला सांग, दोन मिनिटांचं काम आहे.'

मोळे. म्हणजे मुली. आईवडील गेल्यावर तिला तसं कोणी म्हटलं नव्हतं.

तिनं फोन त्याच्यापुढे धरला. त्यानं वाचलं, खांबाकडे पाहिलं आणि उठायला लागला. काय करावं ते तिला सुचलं नाही. ती दिवसभर जे म्हणायची तेच तोंडात आलं, आणि या वेळी मध्ये भिंत नव्हती.

"श्वास घ्या," ती म्हणाली, आणि त्याच्या काळ्या नखांच्या हातावर तिनं हात ठेवला. "धरा... हलू नका."

तो हलला नाही. पाऊस कोसळत होता, पंखा बंद होता, आणि पुढचा शब्द तिनं सिनेमा संपेपर्यंत उच्चारला नाही.