नऊ नंबरचा गहू

प्रिंटरमधून तिचे कागद बाहेर येत होते आणि एक अनोळखी माणूस ते खुशाल वाचत उभा होता.

"दुसऱ्याचे कागद वाचायची सवय आहे का?" गहूवाल्या मॅडम कडाडल्या.

अख्खं कॉलेज तिला याच नावानं ओळखायचं. गव्हाचं एक नवं वाण तयार करण्यात या प्राध्यापिकेनं आठ वर्षं घातली होती. आई म्हणायची, "तुझ्या गव्हाला नातवंडं-पतवंडं झाली, तू आपली आहेस तिथंच!"

"आकडे दिसले की राहवत नाही," तो ओशाळून हसला. संख्याशास्त्राचा नवा शिक्षक, वर्षभराच्या कराराचा. "पण हा नऊ नंबर... तिन्ही वाफ्यांत पाटाच्या कडेलाच कसा?"

तिनं कागद हिसकावून घेतले. चिठ्ठ्या टाकूनच जागा ठरल्या होत्या, पण तिच्या लाडक्या नऊ नंबरच्या वाणाला दरवेळी पाण्याची कड मिळाली होती, म्हणूनच कदाचित त्याचं पीक जास्त आलं होतं. ते तिला दिसलं होतं... आणि तिनं काणाडोळा केला होता. पुढच्या आठवड्यात वाण मंजुरीला जायचं होतं.

"तुम्हाला काय कळतं हो गव्हातलं?"

"काहीच नाही. तुमच्या चेहऱ्यावरून कळलं."

दोन दिवस ती नुसती धुसफुसत होती. तिसऱ्या दिवशी तिनं अर्ज मागे घेतला आणि नव्या पेरणीचा नकाशा काढायला त्यालाच बसवलं.

मग दर रविवारी सकाळी दोघं शेतावर. दवानं भिजलेल्या चपला, गार वारा... ती ओंब्या मोजायची, तो टिपून घ्यायचा.

"एकेचाळीस."

"बेचाळीस. माझ्याकडे बघत मोजलंत — चुकणारच!"

"काहीतरीच!" ती म्हणाली खरी, पण कानाच्या पाळ्या तापल्या.

कापणी झाली. नऊ नंबर सपशेल हरला. ती बांधावर बसून हमसून हमसून रडली. तो शेजारी येऊन बसला. हुंदके ओसरल्यावर म्हणाला,

"शुक्रवारी माझा करार संपतोय. दुसऱ्या कॉलेजचं बोलावणं आलंय, इथलेही राहा म्हणतायत. जाऊ... की राहू?"

तिनं डोळे पुसले. "तीन हंगाम पारखल्याशिवाय मी हो म्हणत नाही."

"माहितेय..." तो उठायला लागला. तिनं त्याची बाही घट्ट धरली.

"वाणाला म्हणत नाही, अहो! तुम्हाला एकाच हंगामात म्हणतेय. राहा... माझ्याजवळ राहा."

तो पुन्हा शेजारी बसला. खिशातलं दुसऱ्या कॉलेजचं पत्र तिच्या हातात देत म्हणाला, "फाडा तुम्हीच."