निघताना शिंकलं कोण

सॅक तोलकाट्याला अडकवली आणि कडाड... काट्यासकट लिंबाची फांदीच खाली आली. सॅकच्या मालकानं दचकून मागं उडी मारली, ती थेट पाण्याच्या पिंपात. एक पाय आत, एक बाहेर.

“नाव?” कावेरीनं विचारलं. हसू दाबता दाबता तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

“संगमेश्वर. उमापूर,” त्यानं पिंपातनंच सांगितलं.

बालाघाटच्या डोंगराडोंगरांनी अंबाजोगाईपर्यंत पायी जायचं होतं. आठ-दहा दिवसांची वाट. चालायचं काम चालणाऱ्यांचं. पण निघण्याआधी त्यांच्या सॅका हलक्या करणं, पाय तपासणं, बूट आवळून देणं, ही सेवा कावेरी आणि तिच्या नर्सिंगच्या मैत्रिणींनी हौसेनं अंगावर घेतली होती. पायथ्याच्या गावात, शाळेच्या पटांगणात, सकाळपासून त्या लोकांच्या अंगठ्यांची नखं कापत होत्या.

कावेरीनं सॅक उघडली. पहिल्यांदा इस्त्री निघाली.

“ही कशाला?”

“शर्ट चुरगळतेत.”

“आन् डोंगरात करंट?”

संगमेश्वर खरंच विचारात पडला. “हे... दुकानात कुणाच्याच डोक्यात आलं न्हाई.”

घरचं कापडाचं दुकान होतं, आणि सॅक भरायला अख्खं दुकान बसलं होतं. मग पितळी तांब्या निघाला, धपाट्यांची चळत निघाली, उशी निघाली. तळाशी घडी घातलेला कोट.

“डोंगरात लगीन हाय का कुणाचं?”

“तसंच समजा,” तो कसनुसा हसला. “अंबाजोगाईला तलवाड्याचे पाहुणे येणारेत. त्यांच्या पोरीला होय का न्हाई, ते तिथंच सांगायचंय. दादा म्हणले, घरात बसून तुला काय सुचंना, तर चालत चालत इचार कर.”

“मग... काय ठरवलंय?”

“तेच तर कळंना. पोरगी चांगली हाय. माणसं चांगली हायेत. चिवडाबी चांगला होता. न्हाई कावून म्हणावं, हेच सापडंना.”

कावेरीनं कोट बाजूला ठेवला. “हा न्यायचा न्हाई. लई जड हाय.”

“उन्हाळी हाय की. कागदासारखा.”

“तोलणारी मी का तुमी?”

काटा तर मोडून पडला होता. कोट तिनं कशावर तोलला, हे तिलाही सांगता आलं नसतं. संगमेश्वर तिच्याकडं बघत राहिला. तिनं घाईघाईनं पुढच्या गड्याचं नख कापलं, आणि जरा जास्तच कापलं.

ऊन वर आलं, तसे मोहिमेचे अध्यक्ष त्रिंबककाका उभे राहिले. तालुक्यात कुठंही काही निघायचं असलं, की अध्यक्ष तेच. त्यांनी वैज्ञानिक दृष्टिकोनावर दणदणीत भाषण केलं, नारळ फोडला आणि ‘निघा’ म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात कुणीतरी शिंकलं.

काकांनी तोंड मिटलं. “बसा सगळे. निघताना शिंक झाली. पाणी प्या.”

सगळे बसले. पाणी प्याले. उठले. दोघं शिंकले. पुन्हा बसले.

भानगड भिंतीपलीकडं होती. दगडाबाईनं तिथं मिरचीचं कांडप चालू केलं होतं, आणि वारा तिखटाचा सगळा खकाणा पटांगणात आणून ओतत होता. काका विनंती करायला भिंतीवर चढले आणि स्वतःच शिंकले.

“मशीन जरा थांबिवता का, बाई?”

“तुमी बिनकामाचं डोंगर हिंडणार,” दगडाबाई पलीकडनं म्हणाली, “आन् माझी मिरची कावून थांबंल? गिऱ्हाईक उभं हाय.”

चौथ्या पाण्यानंतर नवाच घोळ झाला. एवढं पाणी पोटात गेल्यावर निम्मे गडी बाभळींच्या आडोशाला पळाले. ते येईपर्यंत उरलेले गेले. काकांची मोजणी काही जुळेना.

तेवढ्या वेळात संगमेश्वर मात्र जागचा हलला नाही. कावेरी त्याच्या टाचेला पट्टी लावत होती. टाचेला काहीच झालं नव्हतं.

“दुखतंय का?” तिनं विचारलं.

“न्हाई... दुखायला पायजे का?”

“पुढं दुखंल म्हणून लावते.”

“मग दुसऱ्या पायालाबी लावा.”

तिनं लावली. सावकाश लावली. हे काय चाललंय आपलं, तिला कळेना. सकाळी हा माणूस पिंपात पडला होता. आता तो तलवाड्याला होय म्हणतो का न्हाई, याची आपल्याला कावून पडावी?

आणि मग मिरची संपली. मशीन थांबलं. वारा निवळला. सगळे उठले, पट्टे आवळले, श्वास धरून उभे राहिले. कुणी शिंकलं नाही. काकांनी सुटकेनं हात वर केला...

“आऽक्छी,” कावेरी म्हणाली. शिंक आली नव्हती, ती तोंडानं म्हटली होती.

“बसा,” काका मेल्या आवाजात म्हणाले.

संगमेश्वर तिच्याशेजारी येऊन बसला. “ही शिंक—”

“सर्दी हाय मला.”

“आत्ताच झाली?”

“आत्ताच.”

कान लाल झालेत हे तिला कळत होतं, आणि त्याला दिसत होतं. त्यानं खिशातनं मोबाइल काढला, तिच्यासमोरच घरी लावला.

“दादा... तलवाड्याला न्हाई म्हणा... हो, आजच. पोरीचा काय दोष न्हाई, असं नीट सांगा... इचार? झाला करून... न्हाई, अजून निघालोच न्हाई... कोट? कोट हिनं काढून ठिवला.” पलीकडून मोठा आवाज आला. संगमेश्वरनं फोन कानापासून लांब धरला. “ही म्हंजी... ते अजून ठरायचंय, दादा. ठिवतो.”

कावेरीला कुठं बघावं कळेना. तिनं दोन्ही पट्ट्यांकडं बघितलं.

संगमेश्वर वाकून बुटाच्या नाड्या सोडायला लागला.

“हे काय?”

“चालायचं कारणच ऱ्हायलं न्हाई आता. ज्याचा इचार करायचा होता, तो झाला.”

“तुमचा झाला.” तिनं त्याच्या हातातनं नाड्या घेतल्या आणि गच्च बांधल्या. “मला कुणी विचारलं?”

“आत्ता विचारतो...”

“न्हाई, आता विचारू नका.” तिनं सॅक उचलून त्याच्या पाठीला लावली, छातीवरचा पट्टा ओढला. पट्टा एकदा सुटला, दुसऱ्यांदा बसला. “सकाळी ओळख न पाळख, दुपारी घरी फोन. डोकं गरगरायलंय माझं. मला आठ-दहा दिवस पायजेत.”

“तवर मी काय करू?”

कावेरीनं त्याला खांद्यांना धरून डोंगराकडं वळवलं.

“तुमी चाला. इचार मी करते.”