पुंजाची उटी

त्या दिवशी पाऊस नव्हता. भादव्यात आमच्या डोंगरात असं कधीतरी होतं, पाऊस थांबतो आणि ढगच खाली उतरून रस्त्यावर बसतात. सकाळ उलटून गेली तरी समोरच्या घराची कौलं दिसत नव्हती. नागलीच्या शेताचा ओला वास येत होता. कोंबडा आरवला तरी गोधडीखालून आरवल्यासारखा वाटत होता. वारा अजिबात नाही. असल्या दिवशी लॉरी काढायची नाही, असं आमचे जुने ड्रायव्हर म्हणायचे. म्हणायचे आणि काढायचेच, कारण कोळसा भिजला तर त्याला कुणी विचारत नसे.

माझ्या हरेशनंही तेच केलं. हरेश माझा एकुलता एक मुलगा, मोखाड्याला त्याचं गॅरेज आहे. त्या दिवशी त्याला धाकटी जव्हारला न्यायची होती.

धाकटी म्हणजे कोण, ते आधी सांगतो.

मोखाड्याला डोंगरदेव मोटर सर्विस म्हणून कंपनी होती. कंपनी म्हणजे काय, तर शेटच्या दोन लॉऱ्या, एक पत्र्याची शेड आणि शेडीत टांगलेला कंदील. दोन्ही लॉऱ्या लांब नाकाच्या, हिरव्या. दारावर पिवळा डोंगर काढलेला आणि डोंगराच्या खांद्यावर सूर्य. मला वाचता येत नाही, पण तो डोंगर लांबून दिसला की कळायचं, आपलीच आहे. एकीला थोरली म्हणायचो, दुसरीला धाकटी. खोडाळ्याकडून कोळसा, हिरडा, गवत भरून जव्हारला न्यायचं, येताना मीठ, तेल, कापड आणायचं. बाजाराच्या दिवशी थोरली वळणावर आली की माणसं बोलायची थांबत. बाया डोक्यावरची पाटी धरून उभ्या राहत. हत्ती आल्यावर राहतात तसं. त्या वेळी रस्त्यावर दुसरं मोठं काही नव्हतंच.

थोरलीवर पुंजा क्लीनर आणि धाकटीवर मी.

तेव्हाच्या लॉरीचा चढणीला जीव जायचा. ब्रेक होते, पण ते ड्रायव्हरच्या पायानं कमी आणि देवाच्या मर्जीनं जास्त लागायचे. म्हणून चढण आली की क्लीनरनं उतरायचं, खांद्यावर उटी घ्यायची आणि मागच्या चाकाशी चालत राहायचं. उटी म्हणजे लाकडाचा ठोकळा, एका अंगानं उतरता तासलेला. इंजिन बसलं आणि लॉरी मागं यायला लागली की तो चाकाखाली सारायचा. मग हौद्याच्या मागच्या फळीवर, फाळक्यावर, एक थाप मारायची, म्हणजे धरली आहे. लॉरी परत चालू झाली की दोन थापा, म्हणजे जाऊ दे. आणि उटी उचलायची. रस्त्यात सोडायची नाही. तसं कुणी शिकवावं लागत नव्हतं, हातच आपोआप खाली जायचा.

शेटचा आणखी एक नियम होता. पुढची लॉरी वर पोचली की वाघोबाच्या दगडाजवळ थांबायची. तिथं झरा आहे. झऱ्याची पहिली ओंजळ वाघोबाला, मग बाकीचं पाणी रेडिएटरमध्ये. आणि मागची दिसेपर्यंत हलायचं नाही. मी खाली धुक्यात धापा टाकत असायचो आणि पुंजा वरून ओरडायचा, "पाणी भरलंय रे सखा. सावकाश ये."

पुंजा त्याच चढणीवर गेला. थोरली मागं सरली, त्यानं उटी लावली, लॉरी जागच्या जागी धरली आणि त्याच्याच पायाखालची रस्त्याची कड सुटली. ड्रायव्हर वाचला, माल वाचला. उटी चाकाखाली होती तशी घट्ट. पुंजाची उटी खैराची होती. वाघोबाच्या लाकडी पाटावर कोरलेले असतात तसे चांद आणि सूर्य त्यानं तापल्या सळईनं तिच्यावर डागले होते. ती उटी मी माझ्या हातानं त्याच्या सरणावर ठेवली. खैर चिवट, बाकी सगळं विझलं तरी ते लाकूड धगधगत होतं. दुसऱ्या दिवशी राख गोळा करायलाही मीच होतो. राखेत काही उरलं नव्हतं.

पुढं रस्ते झाले, मोठ्या गाड्या आल्या, शेट वारले. थोरली भंगारात कापली गेली. धाकटी शेडीमागं आंब्याखाली उभी राहिली. हौद्यात गवत उगवलं, बोनटमध्ये मुंगसानं घर केलं. हरेश लहानपणी तिच्यात बसून तोंडानं हॉर्न वाजवायचा. तोच मोठा होऊन तिच्या मागं लागला. कुठून कुठून भाग आणले, काही स्वतः घडवले. जव्हारच्या पेंटरकडून दारावरचा डोंगर परत काढून घ्यायचा आणि दसऱ्याला जव्हारच्या गर्दीत तिला मिरवायची, असं त्याच्या मनात होतं.

त्या धुक्याच्या सकाळी त्यानं हँडल मारलं. धाकटी खोकली, थरथरली आणि बोलायला लागली. तो आवाज ऐकून मी बोनटवर हात ठेवला. गेलेलं माणूस उठून चुलीपाशी येऊन बसावं, तसं झालं मला.

चढणीच्या पायथ्याशी पोचलो तेव्हा बोनटच्या पुढचं काही दिसत नव्हतं. मी म्हटलं, "थांबव. मी उतरतो."

"कशाला?"

"उटी घेऊन मागं चालतो." घरून निघताना मी ऐनाच्या लाकडाची नवी उटी तासून घेतली होती.

हरेश हसला. "बाबा, ओट्यावर चढताना तुझे गुडघे शेजारी ऐकू जातात. हँडब्रेक नवा टाकलाय मी."

"हँडब्रेक तेव्हापण होता."

"मग?"

"मग काय. पुंजापण होता."

त्यानं गाडी थांबवली. मग म्हणाला, "बरं, चाल. दमलास तर हाक मार. क्लीनर दुसरा मिळंल, बाप कुठून आणू?"

मी फाळक्यावर दोन थापा मारल्या. धाकटी निघाली.

सुरुवातीला मी चाकाशी होतो. मग थोडा मागं पडलो. मग मागचा लाल दिवा करवंदाएवढा झाला आणि धुक्यात विरघळला. डाव्या हाताला दरी. दिसत नव्हती, पण तिचा गारवा कानाला लागत होता. माझ्या चपलांचा आवाज आणि पुढं धाकटीचा घुमारा, एवढंच जगात राहिलं होतं.

आणि मग मला दोन आवाज ऐकू यायला लागले.

एक धाकटीचा. दुसरा तिच्याही पुढं, वरच्या वळणाला. तसाच, पण जाड. डोंगर आवाज परत देतो, हे मला ठाऊक आहे. या चढणीवर माझं आयुष्य गेलं. पण डोंगर गियर बदलत नाही. वरच्या आवाजानं वळणावर गियर बदलला. धाकटी अजून वळणाला पोचलीही नव्हती.

मी उभा राहिलो. अंगावर काटा आला, पण पळून जावं असं वाटलं नाही. तो आवाज मी ओळखत होतो.

तेवढ्यात धाकटी खोकली. एकदा... परत एकदा... आणि बंद पडली.

धुकं किती शांत असतं ते तेव्हा कळलं. मग त्या शांततेत खडी चुरडल्याचा आवाज आला. इंजिन नाही, नुसती चाकं. हौद्याच्या फळ्या कुरकुरत होत्या. लॉरी मागं येत होती, दरीच्या अंगाला.

"बाबा..." हरेशचा आवाज. "ब्रेक लागत नाय... बाबा, उटी..."

मी धावलो. धावलो म्हणजे काय, पाय ओढले. गुडघे पेटले, छातीत हवा मावेना. मला कळत होतं की मी पोचणार नाही. माझं लेकरू पुढं धुक्यात आहे, उटी माझ्या खांद्यावर आहे आणि मधलं अंतर काही केल्या सरत नाही. "वाघोबा," एवढंच तोंडातून निघालं.

आणि कोळशाचा वास आला. ओल्या पोत्यातल्या ताज्या कोळशाचा. त्या रस्त्यावरून कोळसा जायचा बंद होऊन जमाना झाला.

ठक.

फळ्या करकरल्या आणि थांबल्या. मग फाळक्यावर एक थाप पडली. एकच.

मी पोचलो तेव्हा हरेश दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून बसला होता. मागचं चाक कडेपासून हातभर आत. त्यानं खिडकीतून मान बाहेर काढली, चेहरा तांदळाच्या पिठासारखा झाला होता.

"धरलीस ना?"

मी नुसतं "हं" केलं.

"ब्रेकमध्ये हवा धरली वाटतं. नि हँडब्रेक नुसताच हातात आला. मला वाटलं तू मागं राहिलास. बरोब्बर लावलीस रे बाबा."

माझी उटी माझ्या खांद्यावर होती. चाकाखाली दुसरी होती. मी तिच्याकडं नीट बघितलं नाही. काळपट लाकूड आहे, एवढं दिसलं. म्हटलं, "चालू कर. वरपर्यंत थांबू नको."

त्यानं चालू केली. धाकटीनं जोर धरला, चाक उटीवरून सुटलं. मी थाप मारायला हात उचलला. त्याच्या आधीच दोन थापा पडल्या, फाळक्याच्या पलीकडच्या अंगाला.

तिथं कुणी दिसलं नाही. धुकं तेवढं हललं.

आणि मी काय केलं, तर वाकलो आणि उटी उचलली. विचार केलाच नाही, हातच आपोआप खाली गेला. चुलीतून ओढून काढलेल्या लाकडासारखी ती कोमट होती. दोन्ही उट्या सरकत्या हौद्यात टाकल्या आणि फाळक्याला धरून वरपर्यंत गेलो.

वर वाघोबापाशी हरेशनं धाकटी उभी केली आणि ब्रेकमधली हवा काढत बसला. काम करता करता म्हणाला, "आत्ताच कुणीतरी गाडी उभी केली होती इथं. बघ, जमीन ओली आहे."

धाकटीच्या पुढ्यात, जिथं पुढची लॉरी उभी राहायची तिथंच, पाणी सांडलं होतं. त्याच्यातून अजून वाफ निघत होती. वाघोबाच्या दगडावर ओंजळभर पाणी टाकलेलं होतं, ते खाली ओघळत होतं.

"गेली असंल पुढं," हरेश म्हणाला.

"असंल," मी म्हटलं.

मग मी हौद्यात चढलो. ऐनाची उटी माझी. तिच्या शेजारी खैराची, कडा घासून गुळगुळीत झालेली. मी ती उलटी केली. चांद आणि सूर्य.

भीती वाटली का, असं तू विचारशील. वाटली. पण जत्रेत देवाचं सोंग नाचत नाचत आपल्यासमोर येतं आणि आपल्याच डोळ्यात बघतं, तेव्हा वाटते तशी. मी तिला डोकं टेकवलं. टेकवलेलं असतानाच डोक्यात आलं, ही मी का उचलली? उटी उचलायची ती ज्याची त्यानं. माझ्या लेकराला धरणारा तिकडं चढणीवर आता रिकाम्या हातानं चालतोय.

त्याच वेळी परत जावं असं वाटलं. पण हरेशला काय सांगणार? त्याला वाटत होतं, बापानं वाचवलं. तो समज मी आजपर्यंत मोडलेला नाही. धाकटीला पेंटरकडं सोडलं, उटी पोत्यात गुंडाळली आणि आम्ही जीपनं घरी आलो. जीप चढणीवरून उतरत असताना मी पोतं छातीशी धरून होतो. प्रत्येक वळणाला वाटायचं, आता कुणीतरी हात करंल.

दुसऱ्या दिवशी धुकं तसंच. हरेश गॅरेजला गेल्यावर मी पोतं घेऊन जव्हारची जीप धरली. वाघोबाच्या दगडापाशी थांबव म्हटल्यावर जीपवाला म्हणाला, "इथं कुठं आजा? इथं कुणाचं घर नाय."

"एकाची वस्तू द्यायचीय."

त्यानं माझ्याकडं बघितलं, धुक्याकडं बघितलं आणि पैसे न घेताच गेला.

झऱ्याची पहिली ओंजळ मी वाघोबाला वाहिली. उटी दगडापाशी ठेवली. एक बिडी पेटवून तिच्याजवळ ठेवली, पुंजा जीव टाकायचा बिडीवर. म्हटलं, "पुंजा, तुझी तुला. माझ्या हातून चुकून उचलली गेली. आणि पोराचं... ते मी विसरणार नाय." बिडीचा धूर सरळ वर जात होता. मग एका बाजूनं कुणी श्वास ओढावा तसा तो वाकला आणि टोक लाल झालं. वारा त्या दिवशीही नव्हता.

मी वळून बघितलं नाही. चालत चालत खाली उतरलो, मागून आलेल्या जीपला हात केला, घरी आलो.

आमच्या शेजारची गौरा ओट्यावर तांदूळ पाखडत होती. दोन वर्षांपूर्वी साखरशेताहून सून होऊन आलेली पोर, तिला आमची कंपनीही माहीत नाही आणि पुंजाही. मला बघून तिनं सूप खाली ठेवलं.

"सखाबाबा, तुमच्याकडं माणूस येऊन गेला. आत्ताच, जरासाच चुकला तुमचा. बसा म्हटलं तर बसला नाय, गाडी चालू ठेवून आलोय म्हणाला. पाणी दिलं तर पहिली ओंजळ तुमच्या उंबऱ्याशी ओतली नि मग प्यायला. तांब्या बघा कसा कोळशानं काळा केलाय."

तांब्यावर बोटं उमटली होती. मी विचारलं, "काय म्हणाला?"

"काय की, मना काय कळलं नाय. म्हणाला, 'सखाला सांग, उटी मिळाली. वर पाणी भरून थांबलोय. सावकाश ये.'"