तिसऱ्या वाफ्यातले ठोके

ही गोष्ट खरी आहे. पटत नसेल तर इथेच थांबा, माझी हरकत नाही.

मी रोज सकाळी उपाशीपोटी थायरॉईडची गोळी घेते. मागे एकदा डोस वाढला, तेव्हा छातीत अशी धडधड सुरू झाली की भिंतीला टेकून खाली बसले. डॉक्टरांनी डोस कमी केला, पंधरा दिवसांत बरं वाटलं.

इतकी साधी गोष्ट.

इतक्याच साध्या गोष्टीवरून आमच्या घरात एक बाई मेली. तिचं नाव बायजा.

साल १८९४. वैशाख महिना. ठाण्याच्या खाडीला लागून, बाळकुमच्या पलीकडे आमच्या लोकांचं मिठागर होतं. भुतांच्या गोष्टी रात्रीच्या असतात म्हणे. ही भर दुपारी बाराची आहे.

बायजा राघोची बायको, घरातली थोरली सून. राघोचा धाकटा भाऊ गोविंदा. त्याची बायको कलावती. ही कलावती माझ्या आजीची आजी, आणि सगळं तिच्या डोळ्यांदेखत घडलं.

बायजा तीन वर्षं सुजत चालली होती. चेहरा फुगलेला, जीभ जड, आवाज घोगरा. भुवया झडलेल्या. भर उन्हाळ्यात गोधडी पांघरून बसायची. काही विचारलं तर कळायलाच वेळ लागायचा.

लोक म्हणाले, बाहेरची बाधा आहे.

राघो म्हणाला, आळस आहे.

शेवटी माघात कलावतीनंच तिला बैलगाडीत घातलं आणि ठाण्यात नेलं. मुंबईहून शिकून आलेला एक डॉक्टर तिथं होता. त्यानं बायजाचा गळा चाचपला. म्हणाला, इथली गाठ सुकली आहे. विलायतेत नवा उपाय निघालाय. मेंढीच्या गळ्यातली तीच गाठ बारीक चिरायची, जरा गरम करायची आणि खायला द्यायची. आठवड्याला अर्धी. त्यावर कणभर नाही.

मग त्यानं कलावतीचा एक हात तिच्याच छातीवर ठेवायला लावला आणि दुसरा बायजाच्या.

"तुझा एक ठोका, तिचा एक. असं चाललंय तोवर ठीक. तुझ्या एकात तिचे दोन पडायला लागले, तर त्याच दिवशी बंद. हिचं काळीज बरीच वर्षं हळू चाललंय बाई. त्याला पळवू नका."

कलावतीनं त्याची मनाशी खूणगाठ बांधली.

दोन महिन्यांत बायजा उठली. सूज उतरली, आवाज निवळला. एका सकाळी ती चुलीपाशी येऊन बसली आणि कलावतीकडे बघतच राहिली.

"कले, तू एवढी बारीक कवा झालीस गं?"

तीन वर्षांत तिनं पहिल्यांदा कुणाकडे नीट पाहिलं होतं. दोघी हसल्या. मग कलावती रडली.

राघोलाही आनंद झाला. बायको उठली याचा नाही. मीठ ओढायला दोन हात वाढले याचा.

चैत्री पुनवेला गावदेवीची जत्रा होती. बळीच्या बोकडांच्या मुंडीचा मान आमच्या घराचा. त्या वर्षी नऊ बोकड पडले. राघोनं नऊही गळे घरी आणले, गाठी काढून मिठात घातल्या आणि गोविंदासमोर मडकं ठेवलं.

"अर्धीनं उठली. रोज एक खाल्ली तर पळंल. मेंढी काय न बोकड काय, गळा तो गळाच."

कलावती दाराआड उभी होती. सगळं ऐकत होती.

पण थोरल्या दिराशी बोलायची रीत नव्हती. लग्नाला सात वर्षं झाली होती. सात वर्षं ती राघोसमोर पदर ओढून मुकी होती. तिनं गोविंदाला सांगितलं. गोविंदा म्हणाला, "दादाला मी काय सांगू? त्याला कळतंय."

काय कळत होतं? डोंबल.

कलावतीनं चुलीवर भांडं ठेवलं. हे ती म्हातारपणीसुद्धा लपवत नसे. पहिले तीन दिवस मीच शिजवलं, म्हणायची.

चौथ्या दिवशी बायजाच्या हातातलं ताट थरथरायला लागलं. अंगाला घामाच्या धारा. डोळे मोठे झालेले. झोप नाही.

"कले, आत कोनतरी पाय आपटतंय."

हंगामाच्या आधी मिठाच्या वाफ्यातला चिखल पायांनी तुडवून घट्ट करतात. धप्, धप्, धप्. तोच आवाज छातीत येतोय म्हणाली.

कलावतीनं एक हात स्वतःच्या छातीवर ठेवला. दुसरा तिच्या.

आपला एक...

तिचे दोन.

त्या दिवसाची गाठ कलावतीनं खाडीत फेकली. राघोला ते दिसलं. मग तो स्वतः शिजवून, समोर बसून बायजाला खायला घालू लागला.

नवव्या दिवशी आभाळ जरा भरून आलं. राघोनं बायजाला आगरावर पिटाळलं. पाऊस पडला तर मीठ विरघळेल, बसून कसं चालेल? ती लाकडी फावडं घेऊन तिसऱ्या वाफ्यात उतरली. बाराच्या सुमारास उभीच्या उभी खाली पडली. फावडं तिच्या मुठीतून सोडवायला दोन माणसं लागली.

पाऊस पडलाच नाही.

"डॉक्टरनं मारली," असं राघो गावभर सांगत सुटला. चोराच्या उलट्या बोंबा. त्याच्या बायकोला उठवणारा तो एकटा माणूस, त्यालाच शिव्या.

तेरावं झालं. काम पुन्हा सुरू झालं.

सगळ्या वाफ्यांत मीठ धरलं. पांढरं, टपोरं.

तिसऱ्या वाफ्यात... नुसतं पाणी.

पाणी काढलं, नवं भरलं. तळपती उन्हं होती, तरी खडा धरेना. बगळे शेजारच्या वाफ्यात उतरायचे, त्या वाफ्याला वळसा घालायचे.

मग एका दुपारी आगरावरच्या बाया काम थांबवून उभ्या राहिल्या.

धप्...

धप्...

वाफ्यात कुणीच नव्हतं. वारा पडलेला होता. पण पाण्याच्या मधोमध गोल लाटा उठत होत्या. एकामागून एक.

"खेकडं हायत," राघो ओरडला. बाया मात्र बांध सोडून गेल्या.

कलावती गेली नाही. ती वाफ्याच्या कडेला बसली. एक हात छातीवर ठेवला. दुसरा गरम पाण्यात घालून चिखलावर टेकवला.

आपला एक...

खालून दोन.

ती भ्यायली नाही. तिला राग आला. राघोचा आला, गोविंदाचा आला, सगळ्यात जास्त स्वतःचा आला. ती उठली, पदर खांद्यावर टाकला आणि उघड्या तोंडानं राघोसमोर जाऊन उभी राहिली. आगरावरची सगळी माणसं बघत होती.

"भावजी, डॉक्टर बोल्ला होता. दोन पडलं का बंद करा. मना ठाव होतं. मी नाय बोलली. आता बोलते. हात ठेवा तितं."

सगळ्यांसमोर माघार कशी घ्यायची? राघो वाफ्यात उतरला. चिखलावर पंजा टेकवला. बराच वेळ टेकवून ठेवला.

"काय नाय इतं," म्हणाला आणि हसला.

खरंच काही नव्हतं. आवाज थांबला होता. लाटाही थांबल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिसरा वाफा मिठानं पांढराशुभ्र झाला होता. लोकांनी हात जोडले.

दुपारी बाराला राघो जेवत होता. घास हातातच राहिला. त्यानं छातीवर हात ठेवला.

"आत... कोनतरी पाय आपटतंय."

कलावतीच्या हातातली पळी खाली पडली. हे शब्द बायजा फक्त तिच्यापाशी बोलली होती.

राघो त्यानंतर एकोणीस वर्षं जगला. भगत झाले, वैद्य झाले. कल्याणच्या एका डॉक्टरनं नळी लावून ऐकलं आणि सांगितलं, काही नाही, घड्याळासारखं चाललंय. राघोला मात्र रोज दुपारी दोन-दोन ऐकू यायचे. मग तो चुलीपाशी येऊन उभा राहायचा. एवढा दांडगा माणूस, लहान तोंड करून.

"कले, हात ठेव. मोज. एक हाय का दोन, येवडंच सांग."

कलावती पदर हनुवटीपर्यंत ओढायची आणि भाकरी थापत राहायची. एकोणीस वर्षांत ती त्याच्याशी एक शब्द बोलली नाही.

थोरल्या दिराशी बोलायची रीत नव्हती ना.

राघो मेला तेव्हा तिनं एकदाच त्याच्या छातीवर हात ठेवला. श्वास थांबून घटका झाली होती. माझ्या आजीनं तिला पुढे विचारलं, तेव्हा काय लागलं हाताला? कलावतीनं पदर ओढून घेतला.

मिठागर कधीच बुजलं. आता तिथं उंच इमारती आहेत, आणि त्यांतल्या एकीत आम्ही राहतो. तिसरा वाफा नेमका कुठे होता ते कुणालाच सांगता येत नाही.

अजूनही कधी कधी माझी छाती धडधडते. मग मी एक हात छातीवर ठेवते आणि मोजते.

दुसरा हात मी खाली टेकवत नाही.