दोन वाजताचा आकडा

दिवा राहू दे रे, घाबरटांनो. माझ्या सख्ख्या भाचीची गोष्ट आहे, बाजारगप्प नाही. शेवटच्या वर्षाला ती एका संशोधन केंद्रात इंटर्न होती. मी तिथेच फिटर. तिचं काम काय? दर तासाला तळघरात उतरायचं, हवेच्या टाकीच्या गेजवर दाब बघायचा, आकडा रजिस्टरमध्ये लिहायचा, सही ठोकायची. दाब पंधराच्या वर गेला की धोका. गेल्या वर्षी चौदा नोव्हेंबरला, संध्याकाळी सात वाजता, ती तिथल्या साहेबाकडून रजिस्टर आणायला गेली.

उघडून बघते तर काय, रात्रभराचे आकडे आधीच भरलेले! ओळीने १२.४, १२.४, थेट पहाटे सहापर्यंत.

“साहेब, रात्र तर अजून व्हायचीय.”

“टाकी काय पळून जाते? सह्या कर आणि झोप.”

“न बघितलेल्या आकड्याखाली मी सही करणार नाही.”

“मग सर्टिफिकेट विसर,” म्हणाला आणि घरी गेला.

पोरीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चार वर्षांपूर्वी त्याच तळघरात जुनी टाकी फुटून एक इंटर्न मुलगा गेला होता, हे तिला ठाऊक होतं. रजिस्टरवर त्याची सही सापडली, म्हणून चौकशीत खापर त्याच्याच माथी. म्हणे, आकडे त्यानेच खोटे भरले! जिवानिशी गेला तो गेला, वर लबाड ठरला. त्याच्या बापाने मान खाली घालून पोराची बॅग नेली. आणि याच साहेबाला बढती! आजही आठवलं की माझे हात शिवशिवतात.

पोरगी हट्टाने दर तासाला खाली गेली. बारा. एक. काटा १२.४ वरच. दोनला तिने पुन्हा रजिस्टर उघडलं.

दोन वाजताचा १२.४ खोडलेला. पेन्सिलीने. आणि वर लिहिलेलं... १९.१.

तिच्या खोलीला आतून कडी होती. पेन्सिल तिच्याकडे नव्हतीच.

“कोण थट्टा करतंय रे?” ती ओरडली.

...

चिडूनच खाली उतरली. काटा बघितला. १२.४. “हट्!” म्हणाली आणि वळली.

टक. टक.

गेजच्या काचेवर कुणीतरी बोट वाजवलं. तिने मान फिरवली. कोणी नाही...

अडकलेला काटा मात्र सुटला. सरळ १९.१ वर.

तिने धावत जाऊन व्हॉल्व्ह उघडला. हवा किंचाळत बाहेर पडली. मग शांतता. आणि जिन्यावर पावलं... वर जाणारी. सावकाश. साहेबाच्या खोलीपर्यंत.

सकाळी साहेब तणतणत आला. “कोणाला विचारून हवा सोडून टेस्ट मोडलीस? थांब, रजिस्टर कसं भरतात ते दाखवतो!” त्याने आपल्या खोलीतलं जुन्या रजिस्टरांचं कपाट उघडलं. किल्ली एकच, त्याच्याच खिशातली. मी दारातच उभा होतो.

पान उलटलं. दुसरं. तिसरं. चार वर्षांतला एकेक खोटा आकडा पेन्सिलीने खोडलेला, वर खरा लिहिलेला. साहेबाच्या तोंडचं पाणी पळालं. शेवटी त्या मुलाच्या रात्रीचं पान आलं. तिथले आकडे खोडलेले. खालची त्याची सहीसुद्धा खोडलेली. शेजारी, त्या पोराच्याच अक्षरात...

‘ही माझी नाही.’