शेजारच्या सीटची मूठ

मामाने कामांची यादी स्वतः लिहून दिली होती. अक्षरं एवढी मोठी की तीन कामांना अख्खं पान लागलं. डॅशबोर्डवरची धरायची मूठ. खणाची कडी. काच वर-खाली करायचं हँडल. तिन्ही शेजारच्या सीटच्या बाजूची. खाली दोन रेघा ओढून लिहिलं होतं: बाकी कशालाही हात लावायचा नाही.

"एवढंच?" भाचीने विचारलं. "छताचं कापड लोंबतंय, त्याचं काय?"

"लोंबू दे. त्याला धरून कोणी बसत नाही, शास्त्रज्ञबाई."

रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून भाची चार महिने नोकरीची वाट बघत होती. चिमटे, बारीक स्क्रू, शतांश मिलिमीटरची मापं यांत तिचा हात बसलेला होता, म्हणून मामाने तिला बोलावून घेतलं. त्याच्या हातून आता बारीक काम होत नव्हतं. त्याची नजर कडांनी काळी पडत चालली होती आणि मधे नळीतून दिसावं तेवढंच उरलं होतं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी गाडी चालवायला सक्त मनाई केली होती. मामाचं म्हणणं, रविवारी एकच शेवटची फेरी, मग चावी मामीच्या हातात.

"त्या एका फेरीत तुम्ही तरी जाल, नाहीतर दुसऱ्या कोणाला तरी घालवाल," मामी म्हणाली. गेली तीस वर्षं ती त्या गाडीला सवत म्हणत होती आणि त्या हट्टापायी एकदाही तिच्यात बसली नव्हती. भाचीला बाजूला घेऊन ती हळूच म्हणाली, "तू काम लांबव. काहीतरी सापडत नाही म्हण."

पण काम लांबवणं भाचीच्या स्वभावात नव्हतं.

गाडी घरामागच्या शेडमध्ये होती. दोनच सीटांची, बसकी, लांब नाकाची जुनी स्पोर्ट्स कार. आत चामड्याचा आणि जुन्या पेट्रोलचा वास. भाचीने ट्रे मांडले, प्रत्येक स्क्रूला चिठ्ठी लावली, फोटो काढले आणि मग नीट बघायला लागली.

चालवणाऱ्याच्या बाजूची झीज अपेक्षेप्रमाणेच होती. शेजारची बाजू मात्र त्याहून जास्त झिजलेली होती. मुठीवरचा क्रोम चार ठिकाणी उडून खालचं तांबं दिसत होतं, चार बोटं जिथे पडतील तिथेच. काचेच्या हँडलचा गोळा गुळगुळीत झाला होता. आणि खाली, चालवणाऱ्याच्या बाजूला जिथे ब्रेक असतो नेमक्या त्या जागी, गालिचा पावलाएवढा फाटून आतला पत्रा दिसत होता. गाडी चालवता न येणारी माणसंसुद्धा शेजारी बसून समोर काही आलं की पाय दाबतात, तसा कोणीतरी वर्षानुवर्षं दाबला असावा.

"मामा, शेजारी कोण बसायचं?"

"कोणी नाही. मामी बसत नाही. आणि दुसऱ्या कोणाला बसवलं असतं तर मामीने मला घरात बसू दिलं नसतं."

दोघं हसली. मग मामा जरा लवकरच हसायचा थांबला.

मूठ दोन्ही बोल्टांसकट उपटून आली होती. पत्रा सीटच्या दिशेने फाटला होता. कुठलीही मूठ कंपनाने सैल होऊन पडते तेव्हा भोकं लांबोळी होतात, पत्रा असा ओढला जात नाही. भाचीने अंदाज केला, चाळीस किलो तरी जोर लागला असेल. तिने पत्रा ठोकून सरळ केला, मागून पोलादी पट्टी दिली, नवे बोल्ट घातले, नट आवळले. मग मूठ घासूनपुसून लख्ख केली आणि दोन्ही हातांनी ओढून बघितली. हलली नाही.

संध्याकाळी मामाने गाडी चालू करून बघितली. गाडी जागेवरच होती. भाची पुढे उभी राहून इंजिनाचा आवाज ऐकत होती. मामाने ॲक्सिलरेटर दाबला तसा आतून दुसराच आवाज आला. धातूवर धातू घासल्याचा, बारीक. कुर्र. मामाने पाय काढला, आवाज थांबला. पुन्हा दाबला. कुर्र.

मामाचा चेहरा सैलावला. खूप दिवसांनी ओळखीचं कोणी भेटावं तसा.

"मस्त बसवलीस," तो म्हणाला आणि उतरून काठी शोधत घरात गेला.

भाची आत वाकली. मुठीवर ओलसर ठसे होते. चार. दमट हवेत धातूवर पाणी साठतं, पण ते सगळीकडे साठतं. तिने कापसाचा बोळा त्यावर फिरवून काचपट्टीवर पिळला आणि प्रोजेक्टच्या दिवसांपासून बॅगेत राहिलेल्या बाटलीतला सिल्व्हर नायट्रेटचा एक थेंब टाकला. पाण्यात दूध सांडावं तसं पांढरं झालं. म्हणजे मीठ. तिने बॅटरीत घालायच्या शुद्ध पाण्याचा थेंब घेऊन ताडून बघितलं. तो स्वच्छ राहिला.

तिने वहीत लिहिलं: घाम? मग प्रश्नचिन्ह खोडलं, मग पुन्हा काढलं.

शनिवारपर्यंत खणाची कडी आणि काचेचं हँडल झालं. सामान आवरताना तिला दाराच्या आतल्या बाजूला दोन भोकं दिसली, मेणाने नीट बुजवलेली. दार आतून उघडायचं हँडल तिथे नव्हतंच. आत बसलेल्या माणसाला बाहेर पडायचं तर बाहेरून कोणीतरी दार उघडायला हवं. हँडल सापडलं नटबोल्टांच्या डब्याच्या तळाशी, फडक्यात गुंडाळलेलं. मामाने कधीतरी काढलं असेल आणि नजर गेल्यावर राहून गेलं असेल, असं तिने धरलं. यादीखालच्या दोन रेघा तिच्या लक्षात होत्या. पण सगळं जुळवून ती दोन भोकं तशीच ठेवायची, हे तिच्याच्याने होईना. उद्या मामाला कळेल तेव्हा खूश होईल, असंही वाटलं. तिने मेण काढलं, स्प्रिंगला तेल दिलं, हँडल बसवलं. दार एका बोटाने उघडायला लागलं.

रविवारी दुपारी बारा वाजता मामाने गाडी फाटकाबाहेर काढली. मामी घरातून बाहेर आलीच नाही. फाटकापासून दोनशे मीटरवर मोठा रस्ता होता, बसगाड्यांचा आणि ट्रकांचा.

भाचीने चालकाच्या खिडकीवर हात ठेवला. "मामा, मी शेजारी बसते. समोर काय आहे ते सांगत जाईन."

"नको गं. जागा नाही."

तिने रिकाम्या सीटकडे बघितलं.

"तुला म्हणून सांगतो," मामा आवाज खाली आणून म्हणाला. "तीन वर्षं मी असाच चालवतोय. मला कडेचं काही दिसत नाही. पण काही आडवं आलं की ती मूठ कुरकुरते. कुरकुरली की मी ब्रेक दाबतो. एकदाही चूक झालेली नाही. एकदा एक पोरगी सायकल घेऊन मधे आली, मला पत्ताही नव्हता. तेव्हा मूठच उपटून आली. तेव्हापासून गाडी बंद होती."

"कोण आहे ते?"

"मला काय ठाऊक? जे आहे ते भयंकर घाबरतं, एवढं कळतं. आणि घाबरतं म्हणूनच मी वाचतो. सुरुवातीला गाडी थांबली की दाराशी खुडबुड करायचं. उतरायला बघायचं." मामाने गिअर टाकला. "मग मी आतलं हँडल काढूनच टाकलं."

भाचीने पलीकडच्या दारावर काल स्वतःच बसवलेल्या हँडलकडे बघितलं.

"मामा, थांब. मी ते..."

गाडी सुटली.

दहा फुटांवर शेजारचं दार उघडलं. माणूस उतरेल एवढंच. मग मिटलं. आपटलं नाही. टक् करून, जपून लावल्यासारखं मिटलं.

गाडी पुढे गेली.

भाची धावली. ती ओरडत होती आणि इंजिन तिच्याहून मोठ्याने ओरडत होतं. शंभर मीटर. दीडशे. समोरून बस जाताना दिसली, तिच्यामागे ट्रक.

गाडी थांबली.

तिचं लांब नाक मोठ्या रस्त्यापासून हातभर अलीकडे होतं. ट्रकच्या वाऱ्याने छताचं कापड हललं. मामा दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून बसला होता.

"एवढ्या गाड्या ऐकू येतायत," तो म्हणाला, "आणि मूठ गप्प. म्हणून थांबलो." त्याने चावी काढून तिच्या हातात दिली. बोटं गार होती. "तू हँडल लावलंस?"

तिने मान हलवली. मग त्याला दिसलं नसेल म्हणून म्हणाली, "हो."

"फाटकाशी उतरलं?"

"हो."

"घराच्या बाजूला?"

तिने मागे फाटकाकडे बघितलं. मामाने मान वळवली, जणू घर त्याला दिसणार होतं. "अगं, तिला काहीतरी घट्ट धरून ठेवायला लागतं," तो म्हणाला. इतका वेळ तो 'ते' म्हणत होता. "तू जा. मामी एकटी आहे."

फाटक उघडंच होतं. घराचं दारही. मामी दाराकडे पाठ करून खिडकीपाशी खुर्चीत बसली होती. उजव्या हातात वर्तमानपत्र होतं, डावा हात खुर्चीच्या दांड्यावर ताठ ठेवलेला.

"थांबली का गं गाडी?" तिने मागे न बघता विचारलं.

"थांबली," भाची दारातून म्हणाली. "मामा ठीक आहे."

मामीने सुस्कारा सोडला. वर्तमानपत्र मांडीवर ठेवलं.

"मग आता सोड की माझा हात. मुंग्या आल्या." मग समजूत घातल्यासारखी हळूच म्हणाली, "सगळं ठीक म्हणतेस, आणि एवढी थरथरतेस कशाला?"

उंबऱ्यापासून खुर्ची सहा पावलांवर होती. भाचीने अजून चपलाही काढल्या नव्हत्या.